डोळ्यांत पाणी, तरी डोळे कोरडे कसे?

सबमिशनचा आठवडा असो की परीक्षेचा महिना, कॉलेजातली मुलं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातात ती साधारण एकच तक्रार घेऊन. डोळे चुरचुरतात, संध्याकाळपर्यंत लाल होतात, वाळू गेल्यासारखं खुपतं आणि मधूनच पाणी वाहायला लागतं. डॉक्टर तपासतात आणि चिठ्ठीवर लिहितात ‘ड्राय आय’, म्हणजे डोळ्यांचा कोरडेपणा. औषध काय, तर डोळ्यांत घालायचे कृत्रिम अश्रू. पाणी येतंय म्हणून गेलेल्या माणसाला आणखी पाणी! मग मुलं एक तर डॉक्टर बदलतात, नाहीतर इंटरनेटवर शोधाशोध करून निळा प्रकाश अडवणारा चष्मा मागवतात.

डॉक्टरांचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. ते पटत नाही, कारण अश्रू म्हटलं की आपल्याला रडणं आठवतं. डोळ्यांना रोज लागणारा ओलावा ही वेगळीच गोष्ट आहे.

रोजचे अश्रू आणि रडतानाचे अश्रू

उघड्या डोळ्यावर चोवीस तास एक ओला थर असतो. त्याला अश्रुपटल म्हणतात. त्याची जाडी सुमारे ३ मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. एका डोळ्यात एका वेळी असणारे सगळे अश्रू मोजले तर ते ७ मायक्रोलिटरच्या आसपास भरतात. औषधाच्या बाटलीतून पडणारा एक थेंब याच्या पाच-सहा पट असतो.

एवढ्याशा थरावर बरंच काही अवलंबून आहे. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला हवेतला ऑक्सिजन मिळतो तो याच ओलाव्यातून. शिवाय डोळ्यात शिरणारा प्रकाश सर्वांत आधी या थरावरच वळतो. थर सपाट आणि सलग असेल तर अक्षरं स्वच्छ दिसतात, तो विस्कटला की धुरकट. वाचताना अक्षरं पुसट झाली आणि दोन-तीनदा पापण्या मिटल्यावर पुन्हा स्पष्ट दिसली, तर संशय आधी अश्रुपटलावर घ्यावा. पापण्या मिटूनही धूसरच राहिलं तर चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा.

कांदा चिरताना किंवा धूळ गेल्यावर येतं ते पाणी मात्र आणीबाणीचं. शरीरातल्या सर्वांत हळव्या जागांपैकी एक म्हणजे कॉर्निया, कारण तिथे नसांचं दाट जाळं आहे. अश्रुपटल फाटून कॉर्निया उघडा पडला की या नसा मेंदूकडे तक्रार नेतात आणि वरच्या पापणीमागची अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. त्या पाण्यात डोळ्यावर टिकून राहायला लागणारे बाकीचे घटक पुरेसे नसतात. काही पाणी गालावरून ओघळतं, काही नळीवाटे नाकात उतरतं, आणि डोळा थोड्या वेळात पुन्हा कोरडा. बऱ्याचदा डोळ्यांत पाणी येतं ते डोळे कोरडे पडल्यामुळेच.

मिसळीवरची तर्री

अश्रुपटलात तीन गोष्टी असतात. तळाशी, कॉर्नियाला लागून, चिकट द्रव्य. त्याच्यामुळे पाणी डोळ्यावर सारखं पसरतं. त्याच्यावर अश्रुग्रंथीतून आलेलं, क्षार आणि जंतूंना रोखणारी प्रथिनं असलेलं पाणी. आणि सगळ्यांत वर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा.

या तेलाचं काम कळायला मिसळीची वाटी डोळ्यांपुढे आणा. ज्या रश्श्यावर तर्रीचा जाड थर असतो, तो बराच वेळ वाफाळत नाही आणि आतून कढत राहतो. घाईनं घोट घेणाऱ्याची जीभ पोळते ती त्यामुळेच. तेलानं झाकलेल्या पाण्याची वाफ होत नाही. डोळ्यावरचं तेलही तेच करतं, पाणी उडून जाऊ देत नाही.

हे तेल पापण्यांच्या कडेत असलेल्या बारीक ग्रंथींमधून येतं. वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस, खालच्या पापणीत वीस-तीस. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. नाव अनोळखी असलं तरी त्यांचा त्रास आपल्या ओळखीचा आहे. पापणीवर रांजणवाडी येते ती पुष्कळदा यांच्यापैकी एखादी किंवा शेजारची ग्रंथी तुंबून सुजल्यामुळे.

कोरडेपणाचे ढोबळ प्रकार दोन. पहिल्यात पाणीच कमी तयार होतं. दुसऱ्यात पाणी पुरेसं असतं, पण तेल कमी किंवा खराब असल्यामुळे ते पटकन उडतं. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो, आणि स्क्रीनचा संबंध मुख्यतः याच्याशी आहे.

पापणीचं गणित

पापणी मिटते तेव्हा एका हालचालीत दोन कामं होतात. ग्रंथींवर हलका दाब पडून थोडं तेल बाहेर येतं, आणि उघडणारी पापणी ते तेल व पाणी कॉर्नियावर नव्यानं पसरवते. म्हणजे प्रत्येक वेळी अश्रुपटल नवं होतं.

जपानमधल्या काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक छोटं टिपण छापलं होतं. ऑफिसात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्यांची उघडझाप त्यांनी मोजली. निवांत बसलेलं असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा, आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा मजकूर बघताना ७ वेळा. स्मार्टफोन यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, जड काचेच्या मॉनिटरच्या काळातली.

आता हे आकडे मांडून बघू. निरोगी डोळ्यातलं अश्रुपटल पापणी न मिटता साधारण १० सेकंदं किंवा जास्त टिकतं. मिनिटाला २२ वेळा मिटणारी पापणी पावणेतीन सेकंदांनी येते, थर फाटायची वेळच येत नाही. मिनिटाला ७ वेळा म्हणजे साडेआठ सेकंदांचं अंतर. धडधाकट डोळा हेही निभावतो. पण एखाद्याचं तेल कमी पडत असेल आणि थर ६ व्या सेकंदालाच फाटत असेल, तर दर फेरीत अडीच सेकंदं कॉर्निया उघडा. मिनिटातल्या सुमारे १८ सेकंदांचा हिशेब झाला हा. सहा तास लॅपटॉपसमोर बसलेल्या अशा मुलाचे डोळे त्यातले जवळजवळ पावणेदोन तास उघडे पडलेले असतात. संध्याकाळी ते लाल होतात याचं नवल नाही.

शिवाय एकाग्र झालेला माणूस पापणी पुरती मिटतच नाही. ती अर्ध्यावर येते आणि परत जाते. मोजणाऱ्याच्या हिशेबात ती धरली जाते, पण डोळ्याच्या खालच्या भागाला तिचा उपयोग होत नाही आणि ग्रंथींवर दाबही पडत नाही. चुरचूर खालच्या भागात जास्त होते ती म्हणून.

मुद्दा असा की पडद्यातून काही विषारी बाहेर पडत नाही. पडदा आपल्याला टक लावायला भाग पाडतो, इतकंच त्याचं करणं.

“पुस्तकं आम्हीही रात्र रात्र वाचली”

घरातली मोठी माणसं हे हमखास म्हणतात, आणि ते खोटं नाही. पुस्तक वाचतानाही उघडझाप निम्म्यावर येते, हे वरच्या आकड्यांतच दिसतं. फरक इतर गोष्टींत आहे.

पुस्तक मांडीवर किंवा टेबलावर असतं, नजर खाली असते, आणि वरची पापणी डोळ्याचा बराच भाग झाकून असते. समोर उभ्या पडद्याकडे बघताना डोळा जास्त उघडतो, आणि हवेला भिडणारी जागा वाढली की पाणीही जास्त उडतं. पान उलटताना, टिपण काढताना, पेन शोधताना नजर हलते. सरकत्या पडद्याला पान संपणं हा प्रकारच नाही. आणि माझ्या मते सगळ्यांत मोठा फरक म्हणजे पूर्वी अभ्यासाला कंटाळलेलं पोर कट्ट्यावर जायचं. आता पीडीएफचा कंटाळा आला की ते मोबाइलवर रील बघतं. मेंदू जागा बदलतो, डोळे त्याच ड्यूटीवर राहतात.

विद्यार्थ्यांच्या दिवसात काय काय जमून येतं

ड्राय आय हा वयस्कांचा आजार असा समज होता, आणि वय वाढल्यावर तो वाढतो हे खरंच आहे. पण विशी-बाविशीतल्या मुलांचा दिवस बघितला तर त्यांच्या डोळ्यांत कोरडेपणा कुठून येतो ते कळतं. वर्गात प्रेझेंटेशन, दुपारी लॅबमध्ये कॉम्प्युटर, रात्री दुप्पट वेगानं लावलेली व्हिडिओ लेक्चर. मार्च २०२० नंतर वर्गच फोनवर आला. तो परत गेला तरी नोट्स, असाइनमेंट आणि ग्रुपवरचे निरोप तिथेच राहिले.

त्यात हवा भर घालते. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ भागातल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं दहा-दहा, बारा-बारा तास बसतात. एसी अभ्यासिकेची फी जास्त आणि मागणीही जास्त. एसी खोलीतली हवा कोरडी करतो, आणि जागा जर त्याच्या झोताखालची मिळाली तर डोळ्यांवर दिवसभर वारा. हॉस्टेलमध्ये हेच काम डोक्यावरचा पंखा करतो, तेही पाचवर. मराठवाडा-विदर्भातला कोरडा उन्हाळा आणि वार्षिक परीक्षा एकाच वेळी येतात. याच बाबतीत कोकणातलं किंवा गोव्यातलं दमट हवामान डोळ्यांवर मेहेरबान. वायझर वर करून दुचाकी चालवणं हाही धूळ आणि वाऱ्याचा रोजचा डोस.

काही कारणं स्क्रीनशी संबंधित नसतात, पण याच वयात येतात आणि दोष मात्र स्क्रीनच्या माथी जातो. मुरुमांसाठी दिलं जाणारं आयसोट्रेटिनोइन त्वचेतलं तेल कमी करतं तसं पापण्यांच्या ग्रंथींतलंही कमी करतं. सर्दी-ॲलर्जीची सेटिरिझिनसारखी गोळी रोज घेतली तर अश्रू घटू शकतात. नैराश्यावरच्या काही औषधांनीही तसं होतं. (म्हणून ती औषधं आपल्या मनानं बंद करायची नाहीत. डॉक्टरांना डोळ्यांचा त्रास सांगायचा.) कॉन्टॅक्ट लेन्स अश्रुपटलाचे दोन भाग करते, एक तिच्यावर आणि एक तिच्याखाली, आणि दोन्ही कमजोर होतात. काजळ पापणीच्या अगदी आतल्या ओल्या कडेवर लावलं तर ते ग्रंथींच्या तोंडांवरच बसतं. पापण्यांच्या केसांच्या बाहेर लावलेल्या काजळाचा तेवढा त्रास नाही.

मग ब्लू लाइटचा चष्मा?

चष्म्याच्या दुकानात आज हा प्रश्न न विचारता सुटका नाही. थोडे पैसे वाढवा, ब्लू कट लावून देतो.

२०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं यावरच्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी स्क्रीन वापरताना डोळ्यांना येणारा थकवा, साध्या काचांच्या तुलनेत, कमी होत नसावा असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तोही थोड्या काळाच्या वापरापुरता. झोपेवरच्या परिणामाबद्दल चाचण्या एकमेकींशी जुळल्या नाहीत. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी ही नेत्रतज्ज्ञांची संघटनाही असे चष्मे घ्या असं सांगत नाही. मोबाइलमधून येणारा निळा प्रकाश दिवसा उघड्यावर मिळणाऱ्या निळ्या प्रकाशापुढे किरकोळ आहे.

“पण मला तर फरक पडला,” असं सांगणारे भेटतात. पडलाही असेल. नवा चष्मा करताना नंबर तपासला जातो, आणि अर्धवट नंबरानं वाचणाऱ्या डोळ्यांना योग्य नंबर मिळाला की आराम वाटतोच. मोठ्या फ्रेमनं थेट येणारा वाराही थोडा अडतो. त्याचं श्रेय काचेवरच्या निळसर लेपाला जातं. माझं मत स्पष्ट आहे: त्या लेपाचे पैसे वाचवून नीट डोळे तपासून घ्यावेत.

डॉक्टर काय तपासतात

खरं तर सगळ्यात जास्त माहिती प्रश्नांतून मिळते. ओएसडीआय नावाची १२ प्रश्नांची यादी यासाठी जगभर वापरतात. गेल्या आठवड्यात वाचताना, स्क्रीनसमोर, वाऱ्यात, एसीत किती त्रास झाला, असे ते प्रश्न. गुण ० ते १००, आणि १३ च्या पुढे गेले की त्रास आहे असं धरतात.

मग तपासण्या. फ्लुरेसीन नावाचा पिवळा-केशरी रंग डोळ्यात लावून निळ्या प्रकाशात बघतात. पापणी न मिटता किती सेकंदांनी रंगाच्या थरात काळा ठिपका दिसतो ते मोजतात. तो दिसला की तिथे थर फाटला. १० सेकंदांच्या आत फाटत असेल तर थर कच्चा आहे. शिर्मर चाचणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवतात आणि ५ मिनिटांत ती किती भिजली ते बघतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी आहे. ऑटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली ही पद्धत अजून चालू आहे. शेवटी पापणीची कड हलकेच दाबून तेल बघतात. निरोगी तेल पातळ आणि पारदर्शक, तुंबलेल्या ग्रंथीतलं टूथपेस्टसारखं घट्ट, किंवा काहीच येत नाही.

गंमत म्हणजे तक्रार आणि तपासणी यांचा मेळ नेहमी बसत नाही. कुणाला भयंकर चुरचूर, पण तपासणी जवळपास ठीक. कुणाचा थर तिसऱ्या सेकंदाला फाटतो आणि तो म्हणतो, मला काही त्रास नाही.

‘इतके टक्के विद्यार्थ्यांना ड्राय आय’ असे मथळे वाचताना हे लक्षात ठेवावं. बहुतेक विद्यार्थी-सर्वेक्षणं फक्त प्रश्नावलीवर चालतात, तीही लिंक पाठवून भरून घेतलेली. ज्याचे डोळे दुखतात तो ती हौसेनं भरतो, बाकीचे पुढे ढकलतात. तपासणीनं मोजलं तर दुसराच आकडा येतो. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या २०१७ च्या अहवालात वेगवेगळ्या देशांतलं प्रमाण ५ ते ५० टक्के असं दिलं होतं. इतकी तफावत आजारामुळे जेवढी आहे तेवढीच मोजमापाच्या पद्धतीमुळे.

आधी फुकटचे उपाय

तासाभरातून दोन-तीनदा पापण्या मुद्दाम पूर्ण मिटा. अलगद मिटून दोन सेकंदं थांबा, उघडा, पुन्हा मिटून किंचित दाबा, उघडा. असं पाच-सहा वेळा. वाचनालयात शेजारी बसलेला विचित्र नजरेनं बघेल, बघू दे.

दर २० मिनिटांनी २० सेकंदं २० फुटांपलीकडे बघा, हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो. कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी तो १९९० च्या दशकात लक्षात राहावा म्हणून असा बांधला. त्यातल्या २० या आकड्यात जादू नाही, आणि नेमक्या याच वेळापत्रकाचा भक्कम पुरावाही नाही. पण तत्त्व खरं आहे. लांब बघितलं की जवळ बघण्यासाठी आवळलेले डोळ्यातले स्नायू सैल पडतात आणि पापणी आपोआप जास्त मिटते. हॉस्टेलच्या खोलीत २० फूट नसतात, त्यामुळे गॅलरीत जावं लागतं. मोबाइल खोलीत ठेवून.

पडद्याच्या उंचीबद्दल मात्र दोन सल्ले एकमेकांना छेद देतात. मान दुखू नये म्हणून हल्ली लॅपटॉप स्टँडवर किंवा पुस्तकांच्या ढिगावर चढवतात. तो डोळ्यांच्या रेषेच्या वर गेला की डोळा ताणून उघडतो. मधला मार्ग असा: पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली, मधला भाग बघताना नजर किंचित उतरती, आणि अंतर हातभर. स्टँड वापरत असाल तर वेगळा कीबोर्ड घ्या.

पंख्याखालची, एसीच्या झोतातली जागा बदला. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी एसीची पाती छताकडे वळवली तरी पुष्कळ मुलांचा त्रास कमी होईल. त्यासाठी खर्च शून्य.

तेल घट्ट झालं असेल तर शेक. मिटलेल्या पापण्यांवर, सोसेल इतका कोमट, पाच ते दहा मिनिटं. गरम पाण्यात भिजवलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो आणि मग त्याचा काही उपयोग नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा भिजवावा लागतो. नंतर वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर, केसांच्या दिशेनं, बोटानं अगदी हलकी चोळायची. एका दिवसात फरक पडत नाही, काही आठवडे नेमानं करावं लागतं. बहुतेक जण चौथ्या दिवशी सोडून देतात, हे डॉक्टरांनाही माहीत असतं.

मेडिकलमधून थेंब आणले तर?

साधे ओलावा देणारे थेंब, म्हणजे कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले, बहुतेकांना चालतात. दोन गोष्टी बघायच्या. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराइड हे रसायन घातलेलं असेल, तर दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा ते घातल्यानं डोळ्यांनाच त्रास होतो. सारखी गरज पडत असेल तर त्याशिवायचे थेंब मागावेत, महाग असले तरी. बाटली उघडल्यावर साधारण महिन्याभरात टाकून द्यायची. एका वेळी एकच थेंब पुरतो, कारण दुसऱ्याला डोळ्यात जागाच नसते.

‘लाली घालवणारे’ थेंब हा वेगळा प्रकार. ते रक्तवाहिन्या आकसवतात, डोळा पांढरा दिसतो, कोरडेपणा तसाच राहतो. असर उतरला की लाली दुपटीनं परतते आणि सवय लागते.

सगळ्यांत घातक म्हणजे स्टेरॉइडचे थेंब. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची मोठी साथ आली होती, तेव्हा घरोघरी बाटल्या आल्या. त्यांतल्या काहींमध्ये अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. चुरचुर झाली की तीच बाटली काढायची, आराम पडतो म्हणून पुन्हा आणायची, असं चालतं. महिनोन्‌महिने वापरल्यास डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येतो. चिठ्ठीशिवाय ही औषधं देऊ नयेत असा नियम आहे. तो कितपत पाळला जातो हे वाचकांना मी सांगायला नको.

थेंब निर्जंतुक असणं किती महत्त्वाचं, हे २०२३ च्याच एका प्रकरणात दिसलं. तमिळनाडूत तयार होऊन अमेरिकेत गेलेल्या कृत्रिम अश्रूंमुळे तिथे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूचा संसर्ग १८ राज्यांत पसरला. काहींची दृष्टी गेली, चार जण दगावले. कारखान्यात बनलेल्या बाटलीचं हे, तर घरगुती गुलाबपाणी, मध, एरंडेल यांबद्दल काय बोलावं. ती डोळ्यात घालण्याइतकी निर्जंतुक नसतात. नळाच्या पाण्याचे हबके मारून क्षणभर बरं वाटतं, पण उरलंसुरलं तेलही त्याबरोबर धुऊन जातं.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलांचं काय? २०१८ मध्ये अमेरिकेत ५३५ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली. निम्म्याहून अधिक जणांना रोज ३ ग्रॅम ओमेगा-३, बाकीच्यांना ऑलिव्ह तेल. बरं दोघांनाही वाटलं, फरक सांगण्यासारखा नव्हता.

याने डोळे जातात का?

स्क्रीनमुळे होणाऱ्या कोरडेपणानं सहसा नाही. सुट्टीत गावी गेल्यावर अनेकांचा त्रास निम्मा होतो. पण दुर्लक्ष करण्याजोगाही तो नाही, कारण वर्षानुवर्षं तुंबलेल्या मायबोमियन ग्रंथी आक्रसतात, आणि एकदा नाहीशी झालेली ग्रंथी सहसा परत येत नाही. पंचविशीत झालेलं हे नुकसान पन्नाशीत जाणवतं.

लग्न किंवा भरतीच्या निमित्तानं नंबर घालवायचं ऑपरेशन करणाऱ्यांनी आधी कोरडेपणा तपासून घ्यावा. लेसिकमध्ये कॉर्नियातल्या नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे राहतात. आधीच कोरडे असतील तर जास्त.

डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल, घास पाण्याशिवाय उतरत नसेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णन केलेल्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू आणि लाळग्रंथींवर उलटते. त्याला थेंब पुरत नाहीत.

आणि एकच डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं कमी झालं असेल, तर तो ड्राय आय समजून थेंब घालत बसू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर त्याच क्षणी लेन्स काढावी, पुन्हा घालू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. काढलेली लेन्स फेकून न देता डबीसकट बरोबर न्यावी. संसर्ग कशाचा आहे हे पुष्कळदा तिच्यावरूनच कळतं.